दाणे, बरोबर

हरेश्वरला मी शेवटचं पाहिलं ते ठाण्याच्या एका इस्पितळात, दुपारी चार ते सहा या भेटीच्या वेळेत. सहा फुटी माणूस, पण खाटेवर नुसती चादर अंथरून ठेवल्यासारखा दिसत होता. त्याची बायको, आमच्या सुमनवहिनी, उशाशी स्टुलावर बसून कुणीतरी आणलेलं मोसंबं सोलत होत्या. ते खाणारं तिथं कुणी नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून सोलत असाव्यात. मला बघून हरेश्वरनं एक डोळा मिटला, ही त्याची जुनी खोड, आणि म्हणाला, “मास्तर, साधुपिंड समाधीला बसलं आता.” मी सवयीनं म्हणालो, “स्वादुपिंड.” “तेच ते,” म्हणून तो हसायला गेला आणि कळ येऊन कुशीवर वळला… चार दिवसांनी सकाळी शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये दोनच घरी फोन, त्यातला एक त्यांचा. “कोलशेतहून आहे हो,” एवढंच म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं. त्याला आता सात आठवडे झाले. त्याच्याविषयी लिहायचं तर एक गोष्ट लिहावीच लागणार हे मला ठाऊक होतं, आणि तीच टाळत बसलेलो. म्हणून सात आठवडे लागले.

आमची ओळख झाली ती एका अक्षरावरून. कोलशेतला रसायनांच्या ज्या कंपनीत मी प्रयोगशाळेत होतो, तिथं हरेश्वर मेन्टेनन्सला फिटर होता. ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार असेल. शिफ्टच्या वहीत त्यानं लिहिलेलं, ‘तीन नंबर वॉल्व्हला गलती हाय.’ मी लाल पेनानं ‘ल’ खोडून ‘ळ’ केला, ‘हाय’चं ‘आहे’ केलं आणि वही परत पाठवली. मला ती खोड आहे. लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी ऱ्हस्वदीर्घ बघतो, मग मुहूर्त. दहा मिनिटांनी हा गडी हातात पाना घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा. मला वाटलं, आज मार खाणार. तर म्हणतो कसा, “साहेब, पाइप गलतोय. मग ती पाइपची गलतीच ना? यात काय चुकलं?” मला हसू आलं. मी त्याला गळती आणि गलती यांतला फरक समजावला. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “अच्छा. म्हणजे तुम्ही मास्तर.” तेव्हापासून सबंध कंपनीत माझं नाव मास्तर पडलं. त्यानं ‘गलती’ लिहायचं काही सोडलं नाही, पण पुढं लिहिताना मान वर करून माझ्याकडे बघायचा.

तो कोलशेतच्या कोळीवाड्यातला. बाप, चुलते सगळे खाडीत होडी घालणारे. खाडीतली मासळी कमी होत गेली तसा हा कंपनीत आला, पण मनानं पाण्यावरच होता. शनिवारी आमची कंपनी अर्धा दिवस असे. जेवणाच्या सुट्टीनंतर तो मला घरी ओढून न्यायचा. खाडीकडे तोंड केलेलं घर, पुढं ओटी, ओटीवर दोन खुर्च्या. माझी आई गेल्यानंतर डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मी एकटाच. लग्न करायचं राहून गेलेलं. आठवड्याचे सहा दिवस मी त्या शनिवारावर काढायचो असं म्हटलं तरी चालेल. हरेश्वर क्वार्टर उघडायचा, वहिनी आतून खाडीतल्या तळलेल्या निवट्या, भाजलेले बोंबील आणून ठेवायच्या, आणि आम्ही बोलत बसायचो. काय बोलायचो? भरती-ओहोटी, साहेब लोकांच्या नकला, त्याच्या चुलत्याची भांडणं. मी एक ग्लास पुरवून पुरवून प्यायचो. तो क्वार्टर संपवायचा, पुढंपुढं दुसरी उघडायचा. दिवेलागणीला मी उठायचो तेव्हा तो ओटीच्या खांबाला धरून “सांभालून जा रे मास्तर” म्हणायचा. सांभाळायची गरज त्याला होती.

मग एकदा पंप उघडताना तो कारखान्यातच पोट धरून खाली बसला. वरच्या पोटात कळ, ती थेट पाठीत गेलेली, आणि सरळ होता येईना. गुडघे छातीशी घेऊन पुढं वाकला की जरा बरं वाटायचं. उलट्या थांबेनात. दोन आठवडे इस्पितळात सलाइनवर होता, पहिले काही दिवस तर तोंडात पाण्याचा थेंब नाही. स्वादुपिंडाला सूज आली आहे आणि ती दारूनं आली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. असा काही अवयव आपल्या पोटात असतो हे त्याला तेव्हाच कळलं. नाव त्यानं ‘साधुपिंड’ असं ऐकलं आणि तेच धरून ठेवलं. मी शंभरदा सुधारलं असेल. “पोटात गपचूप बसलेला, कुनाला दिसत नाय, आपलं आपलं काम करतो… मग साधूच ना?”

घरी सोडल्यावर दहा दिवसांनी दाखवायला बोलावलं होतं. डॉक्टरांचा दवाखाना ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वर. त्यांची मुलगी शीतल तेव्हा तापानं फणफणलेली, वहिनी तिच्याजवळ, म्हणून त्याच्यासोबत मी गेलो. डॉक्टर वयस्कर, शुद्ध बोलणारे, लिहिताना मान वर न करणारे. म्हणाले, “दारू बंद. कमी नाही, बंद. पुन्हा सूज आली तर मी काही करू शकणार नाही.” हरेश्वर खाली मान घालून ऐकत होता. ते बघून असेल, डॉक्टर जरा मऊ झाले. “संध्याकाळ जड जाईल तुम्हाला. हाताला आणि तोंडाला सवय असते. त्या वेळी काहीतरी चघळत बसा. तळलेलं नको, तेलकट नको. मूठभर भाजलेले दाणे घ्या, सावकाश खा.” हरेश्वरनं विचारलं, “म्हणजे संध्याकालचे दाने?” डॉक्टर चिठ्ठी लिहीत म्हणाले, “दाणे. बरोबर.” आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

जिना उतरताना हरेश्वर मध्येच थांबला. एक डोळा मिटून म्हणाला, “ऐकलंस ना मास्तर? दाने बरोबर. नुसती प्यायची नाय. दाने बरोबर प्यायची.” मला असं हसू फुटलं की कठडा धरावा लागला. तीन-चार आठवडे आम्ही त्याच्या मरणाच्या भीतीत काढलेले, ते सगळं त्या हसण्यात बाहेर पडलं. खालचा दुकानदार वर बघायला लागला. आपल्या भाषेत एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात आणि नेमका भलता अर्थ उचलण्यात हरेश्वरचा हात कुणी धरला नसता. विनोद चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

पुढचे दोन महिने त्यानं खरंच थेंब घेतला नाही. वहिनींचं माहेर मोहन्याचं. तिथून आणलेल्या लोखंडी कढईत त्या जाडं मीठ तापवायच्या आणि त्यात शेंगदाणे भाजायच्या. तसे खमंग दाणे मी दुसरीकडे खाल्ले नाहीत. शनिवारी आम्ही दोघं ओटीवर बसून दाणे खायचो… आणि बोलायला काही सुचायचं नाही. त्याचे हात मांडीवर अस्वस्थ. मी घड्याळ बघायचो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. मला कंटाळा यायचा. साडेचारलाच काहीतरी निमित्त काढून मी उठायचो आणि डोंबिवलीला येऊन रिकाम्या खोलीत आडवा व्हायचो. मित्र वाचला याचा आनंद होता, पण माझा शनिवार गेला होता.

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी ओटीवर दाण्यांच्या वाटीशेजारी बाटली आणि दोन ग्लास होते. वहिनी बाजारात गेलेल्या. हरेश्वर माझ्याकडे बघत होता, शिफ्टच्या वहीत ‘गलती’ लिहिताना बघायचा तसा. म्हणाला, “दाने बरोबर, मास्तर?” तो विनोद नव्हता. तो विचारत होता. आयुष्यभर मी लोकांच्या वेलांट्या सुधारत आलो, पाट्यांवरच्या चुका बघून रस्त्यात थांबत आलो. या एका वाक्यात दुरुस्ती करायची होती. मी म्हणालो, “बरोबर.” आणि ग्लास पुढं ओढला.

त्यानंतर ती एक रीतच झाली. निवट्या गेल्या, बोंबील गेले, कोलंबी गेली, उरले दाणे. कोळीवाड्यात त्याची काय कमी चेष्टा झाली? त्याचा चुलता ओटीवर येऊन म्हणायचा, “कोल्याचा पोर आनि दाने खातं. उद्या पालेभाजी पिकवशील.” हरेश्वर गंभीरपणे सांगायचा, “डॉक्टरची ऑर्डर हाय, काका. साधूला दाने घातले की साधू गप.” त्याला माशाशिवाय पिणं म्हणजे शिक्षाच होती, आणि ती तो इमानानं भोगत होता. मला वाटतं, त्या शिक्षेमुळेच त्याला आपण पथ्य पाळतोय असं वाटायचं. पुढं कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की अक्रोड-बदाम खाणाऱ्याचं स्वादुपिंड दारूपुढं टिकून राहतं म्हणे, कुठंतरी छापून आलंय. झालं. वाटीत चार अक्रोड येऊ लागले. तो ते उंबऱ्यावर ठेवून पान्यानं फोडायचा आणि अर्धा मला द्यायचा.

त्यात काही तथ्य असेल का, हे मी रसायनांतला माणूस म्हणून स्वतःला पुष्कळदा विचारलं. असेलही. दाण्यांत, अक्रोडात चांगले गुण आहेतच, शरीराला ते उपयोगी पडतात, उद्या कुणी त्याचा नीट अभ्यासही करील. पण प्रयोगशाळेत मी रोज बघायचो की आम्ल ओतत राहिलात तर चिमूटभर सोडा टाकून काही होत नाही. आधी आम्ल थांबवावं लागतं. हे मला कळत होतं. ओटीवर बसल्यावर मात्र मी ते कळून घेत नव्हतो. उलट अक्रोड खाऊन मलाही बरं वाटायचं, आपण मित्राची काळजी घेतोय असं.

अशी दीडेक वर्षं गेली असतील. एका शनिवारी मी हात धुवायला आत गेलो. वहिनी चुलीपाशी दाणे परतत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “भावजी, तुम्ही होतात ना तेव्हा दवाखान्यात. डॉक्टर नक्की काय बोलले?” आवाज नेहमीचाच, पण झारा थांबलेला. मीठ कढईत तडतडत होतं. मी म्हणालो, “बरोबर म्हणाले.” शब्द खरा होता. डॉक्टर तो शब्द बोललेच होते. मी मनात स्वतःला हेच सांगितलं, आणि पंच्याला हात पुसून बाहेर आलो. वहिनींनी मागून दाण्यांची वाटी आणून ठेवली. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होत्या असं मला वाटलं, पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

स्वादुपिंडानं चार-पाच वर्षं साथ दिली. मग नव्वद सालानंतर कधीतरी दुसरा झटका आला, पहिल्यापेक्षा वाईट. त्यातून तो उठला पण निम्मा होऊन उठला. पुन्हा टेंभी नाका, पुन्हा तोच जिना, तेच डॉक्टर. त्यांनी कागद बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, “मी तुम्हाला बंद म्हटलं होतं ना?” हरेश्वर म्हणाला, “डॉक्टर, तुम्हीच बोललात, दाने बरोबर. हा साक्षीदार हाय.” डॉक्टरांना काही कळेना. ते माझ्याकडे वळले, “मी असं म्हणालो होतो?” भिंतीवर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, “नीट आठवत नाही.”

बाहेर पडल्यावर हरेश्वर माझ्यापुढं जवळच्या तळ्यापर्यंत चालत गेला. तिथं कठड्यावर दम खायला बसला. मग म्हणाला, “तुला आठवत होतं.” मी तळ्यातल्या पाण्याकडे बघू लागलो. तो म्हणाला, “मलापन ठाऊक होतं रे. इतका येडा नाय मी. पन तू त्या दिवशी जिन्यात हसलास ना… मला वाटलं, मास्तर हसतोय म्हणजे एवढं काय नाय.” असं म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठायला आधार हवा म्हणून. त्या दिवसापासून त्यानं दारू सोडली. कायमची. कुणी सांगावं लागलं नाही. पण तोवर उशीर झालेला. स्वादुपिंड निकामी होत गेलं, त्यापाठोपाठ मधुमेह आला, रोज सुई टोचून घेणं आलं, वजन उतरत गेलं. आणि मी? दारू गेली तसा मीही गेलो. महिन्याकाठी एकदा जायचो, ओटीवर उभ्याउभ्या विचारपूस करायचो, बस पकडायचीय म्हणायचो. तो कधी थांब म्हणाला नाही. तीनेक वर्षं अशी गेली, आणि मग तो चादरीसारखा झाला.

गेल्या शनिवारी मी कोलशेतला गेलो. ठरवून गेलेलो. ओटीवर एकच खुर्ची होती, ती मी टाळली आणि आत स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, “वहिनी, तुम्हाला एक सांगायचंय. डॉक्टर त्या दिवशी बरोबर म्हणाले ते…” त्यांनी ताट बाजूला ठेवलं. “मला माहीत हाय, भावजी.” त्या सांगू लागल्या. “तो घरी येऊन हसत सुटला होता, दाने बरोबर, दाने बरोबर. मला काय ते पटलं नाय. पुढच्या आठवड्यात पोरीला घेऊन ठान्याला गेले तेव्हा मी डॉक्टरांकडे वर जाऊन आले. ते बोलले, थेंबपन नाय. मी घरी येऊन त्याला सांगितलं. दोन महिने त्यानं ऐकलंबी. मग बोलायला लागला, मास्तर होता तिथं, तू नव्हतीस.”

“मग मला विचारलंत कशाला?” मी विचारलं.

“तुम्हाला विचारलं तेव्हा तो ओटीवर होता. दार उघडं होतं. मला कुठं उत्तर हवं होतं, भावजी? तुमच्या तोंडून ते त्याच्या कानावर पडावं, एवढंच होतं. माझं तो ऐकत नव्हता. तुमचं ऐकायचा. तुम्ही बोललात म्हणून शालेत जाऊन त्यानं पोरीच्या नावातली वेलांटी बदलून आनली होती. शितलची शीतल केली होती.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या सांगत होत्या ते मला सुनावण्यासाठी नव्हतं, इतकी वर्षं सांगायला कुणी नव्हतं म्हणून होतं. मी रडलो. साठीच्या जवळ आलेला माणूस, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून रडलो. त्यांनी मला रडू दिलं आणि उठून चहा ठेवला.

त्या घरात बसून चहा प्यायला तीन वर्षं झाली होती. घोट घेतला तर अगोड. एरवी मी तसाच पिऊन टाकला असता, पण त्या दिवशी मला काहीही गिळून टाकायचं नव्हतं. म्हणालो, “वहिनी, साखर राहिली.” त्या फळीकडे वळल्या आणि तिथंच थांबल्या. “साखर नाय घरात,” म्हणाल्या. “त्याला बंद झाली तेव्हापासून आनलीच नाय. मी आनि शीतलबी असाच पितो.” मग मला समजावून सांगावं तशा म्हणाल्या, “समोर दिसली की मन होतं ना मानसाचं. म्हणून समोर ठेवायचीच नाय.” शेजारून वाटीभर आणते म्हणून त्या निघाल्या. मी नको म्हणालो आणि चहा तसाच संपवला.